अधूनमधून येणारी गेटवे त्रुटी : कारण शोधण्याची पद्धत

संकेतस्थळाच्या पुढच्या बाजूचा सर्व्हर जेव्हा स्वतः उत्तर तयार न करता वापरकर्त्याची विनंती मागच्या दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवतो आणि तिकडून आलेले उत्तर वापरकर्त्यापर्यंत पोहोचवतो, तेव्हा त्या पुढच्या सर्व्हरला गेटवे किंवा रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात, आणि मागच्या सर्व्हरला एन्जिनएक्सच्या परिभाषेत ‘अपस्ट्रीम’ असे नाव आहे. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेले एन्जिनएक्स आज या पुढच्या जागी सर्रास वापरले जाते. त्याच्या मागे पीएचपी-एफपीएम, पायथनचा गनिकॉर्न किंवा नोड यांपैकी एखादी व्यवस्था चालते, आणि तिच्याही मागे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस असतो. प्रस्तुत लेखात लिनक्सवरील अशाच रचनेचा विचार केला आहे. पुढचा सर्व्हर वेगळा असला तरी तपासाची पद्धत फारशी बदलत नाही.

जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानक दस्तऐवजाप्रमाणे, गेटवेला मागच्या सर्व्हरकडून ग्राह्य नसलेले उत्तर मिळाले तर ५०२ आणि उत्तर वेळेत मिळालेच नाही तर ५०४ हा संकेतांक द्यायचा असतो. ५०३चा अर्थ सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही, असा आहे. व्यवहारात मागचा सर्व्हर जोडणीच नाकारतो किंवा उत्तर देण्याआधी जोडणी तोडतो तेव्हाही एन्जिनएक्स ५०२च देते. यांच्या जोडीला ४९९ हा एन्जिनएक्सचा स्वतःचा, कोणत्याही मानकात नसलेला संकेतांकही लक्षात ठेवावा लागतो, कारण उत्तराची वाट पाहून कंटाळलेल्या वापरकर्त्याने पान बंद केले किंवा पुन्हा मागवले की लॉगमध्ये त्याची नोंद ४९९ अशी होते. ज्या दिवशी ५०४ वाढतात त्या दिवशी ४९९ही वाढलेले असतात, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्यास बिघाडाची व्याप्ती प्रत्यक्षाहून बरीच लहान दिसते.

कायमचा बिघाड शोधणे त्या मानाने सोपे असते, कारण तो समोर उभा असतो. अधूनमधून येणारी त्रुटी मात्र तपासाला बसेपर्यंत निघून गेलेली असते, आणि म्हणूनच तिच्यावर दोन उपाय विचार न करता केले जातात : मागची सेवा पुन्हा सुरू करणे आणि वाट पाहण्याची मुदत वाढवणे. पहिल्या उपायाने त्रुटी काही काळ थांबते, परंतु त्याबरोबर अडकलेल्या प्रक्रिया, साचलेल्या रांगा आणि उघड्या जोडण्या हा सगळा पुरावाही नष्ट होतो. दुसऱ्या उपायाने ५०४ कमी झाले तरी तेवढीच विनंती तेवढ्याच जागेला अधिक काळ अडवून धरते आणि पुढच्या गर्दीत व्यवस्था आधीपेक्षा लवकर कोलमडते. सेवा पुन्हा सुरू करणे अपरिहार्यच असेल तर त्याआधी निदान चालू प्रक्रियांची यादी, उघड्या सॉकेटांची स्थिती आणि डेटाबेसमध्ये चालू असलेल्या क्वेरी एका फाइलमध्ये उतरवून ठेवाव्यात. या कामाला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि तेवढ्यावर पुढचे कित्येक दिवस वाचू शकतात. अशा त्रुटीचा माग काढताना तिच्या संकेतांकाहून अधिक मोलाची माहिती म्हणजे ती त्रुटी येण्यास लागलेला वेळ, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

परंतु वेळेचा विचार करण्यापूर्वी त्रुटी नेमकी कोणत्या थराने दिली हे निश्चित करावे लागते. आजच्या बहुतेक संकेतस्थळांपुढे एकाहून अधिक गेटवे असतात. सर्वांत पुढे एखादे सीडीएन, मग क्लाउडचा लोड बॅलन्सर म्हणजे अनेक सर्व्हरांमध्ये विनंत्या वाटून देणारी यंत्रणा, आणि त्यानंतर एन्जिनएक्स. यांपैकी कोणीही ५०२ देऊ शकते. क्लाउडफ्लेअर आपल्या आणि मूळ सर्व्हरच्या दरम्यानच्या अडचणींसाठी ५२० ते ५२६ असे स्वतंत्र संकेतांक वापरते. अ‍ॅमेझॉनच्या लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये त्याने स्वतः दिलेला संकेतांक आणि मागच्या सर्व्हरने दिलेला संकेतांक असे दोन वेगळे रकाने असतात, आणि दुसऱ्या रकान्यात आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ असेल तर मागून उत्तर आलेच नाही असे समजावे. त्रुटी लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये आहे पण एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये तिचा मागमूस नाही, असे आढळले तर दोष या दोघांमधल्या जोडणीत शोधावा. एन्जिनएक्सच्या मागे कितीही खणले तरी तेथे काही सापडणार नाही.

एन्जिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये या तपासाला लागणारी माहिती नसते, त्यामुळे लॉगचा साचा बदलणे हे पहिले प्रत्यक्ष काम ठरते. विनंतीला एकूण लागलेला वेळ, मागच्या सर्व्हरशी जोडणी होण्यास लागलेला वेळ, त्याच्याकडून उत्तराचे शीर्षभाग म्हणजे हेडर येईपर्यंतचा वेळ, संपूर्ण उत्तर येईपर्यंतचा वेळ, मागच्या सर्व्हरचा पत्ता आणि त्याने दिलेला संकेतांक, एवढ्या गोष्टी प्रत्येक विनंतीसोबत नोंदल्या गेल्या पाहिजेत. शिवाय प्रत्येक विनंतीला एन्जिनएक्स जो स्वतंत्र ओळखक्रमांक देऊ शकते तो हेडरमधून मागे पाठवून अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्येही उतरवावा. तसे केले की एकाच विनंतीचा प्रवास दोन्ही ठिकाणी जुळवून पाहता येतो. एका विनंतीसाठी दोन मागचे सर्व्हर वापरले गेले असतील तर पत्त्याच्या आणि वेळेच्या रकान्यात स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या दोन नोंदी दिसतात. वापरकर्त्याला अखेर २०० मिळाले असले तरी पहिला प्रयत्न फसला होता ही गोष्ट केवळ या नोंदींवरूनच कळते. पुष्कळदा खरा बिघाड आठवडाभर आधीपासून अशा लपलेल्या नोंदींमध्ये दिसत असतो.

भारतातील व्यवस्थापकांनी येथे एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. एन्जिनएक्सच्या त्रुटी-लॉगमधील वेळ सर्व्हरच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे असते आणि तिच्यासोबत कालविभागाचा उल्लेख नसतो. कंटेनरमधील अ‍ॅप्लिकेशन मात्र बहुधा यूटीसी पाळते. मध्यरात्री यूटीसीला ठरवलेले बॅकअपचे काम महाराष्ट्रात पहाटे साडेपाचला चालते, आणि साडेपाच तासांचा हा फरक ध्यानात न घेतल्याने परस्परांशी संबंध असलेल्या दोन घटना असंबद्ध वाटतात. सर्व लॉग एकाच कालविभागात आणणे हाच यावरचा सरळ उपाय आहे.

एवढी नोंद हाती आल्यावर त्रुटी आलेल्या सर्व विनंत्या वेगळ्या काढून त्यांना लागलेला वेळ पाहावा. तो जर काही मिलिसेकंदांचा असेल तर मागच्या बाजूने जोडणी नाकारली किंवा झटकन तोडली आहे; तेथे कोणी विचार करत बसलेले नव्हते. तो नेमका ६० सेकंदांजवळ साचला असेल तर एन्जिनएक्सची वाचनाची मुदत संपली आहे, कारण जोडणी, पाठवणी आणि वाचन या तिन्हींची त्याची मूळ मुदत ६० सेकंद असते. ३० सेकंदांजवळ ५०२चा ढीग दिसला आणि मागे गनिकॉर्न असेल, तर त्याच्या मुख्य प्रक्रियेने ३० सेकंदांत प्रतिसाद न देणाऱ्या वर्करला, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रक्रियेला, मारून टाकले असण्याचा संभव मोठा असतो. जोडणीचा वेळ १, ३ किंवा ७ सेकंदांच्या आसपास आढळला तर जोडणीची विनंती करणारे पॅकेट वाटेत गळून लिनक्सने ते पुन्हा पाठवले आहे, कारण पहिल्या पुनःप्रेषणापूर्वी लिनक्स १ सेकंद थांबतो आणि जुन्या कर्नल-आवृत्त्यांत नंतर दरवेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत असे. याउलट वेळांमध्ये कोणताच नियम नसेल, एक त्रुटी ४ सेकंदांनी तर दुसरी २२ सेकंदांनी आली असेल, तर काम चालू असताना प्रक्रियाच मेली असावी अशी शंका घ्यावी. एन्जिनएक्सची वाचनाची मुदत ही संपूर्ण उत्तरासाठी नसून लागोपाठच्या दोन वाचनांमधील अंतरासाठी असते, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. त्यामुळे थेंबाथेंबाने येणारे उत्तर पाच मिनिटे चालूनही मुदत ओलांडत नाही.

वेळेने दाखवलेली दिशा त्रुटी-लॉगमधील वाक्याशी ताडून पाहावी. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि सोबत १११ हा क्रमांक असेल तर त्या पत्त्यावर त्या क्षणी कोणी ऐकतच नव्हते. ‘कनेक्शन रिसेट बाय पीअर’ आणि १०४, किंवा ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’, ही दोन्ही वाक्ये जोडणी झाल्यावर ती मागच्या बाजूने तोडली गेल्याचे सांगतात. ‘अपस्ट्रीम टाइम्ड आउट’ आणि ११० हे मुदत संपल्याचे चिन्ह आहे, परंतु वाक्याच्या शेवटी ‘जोडणी करताना’ या अर्थाचे शब्द आहेत की ‘हेडर वाचताना’ या अर्थाचे, ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पहिल्यात दोष नेटवर्कमध्ये किंवा भरलेल्या रांगेत असतो आणि दुसऱ्यात बहुधा अ‍ॅप्लिकेशनच्या संथपणात. युनिक्स सॉकेटच्या बाबतीत ११ या क्रमांकासह ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ असे वाक्य दिसले तर मागच्या सॉकेटची रांग काठोकाठ भरलेली आहे.

अधूनमधून येणाऱ्या गेटवे त्रुटींचे एक वारंवार आढळणारे कारण म्हणजे वर्करांची टंचाई, आणि तिचे गणित समजून घेतल्यावाचून वर्करांची संख्या वाढवणे म्हणजे अंधारात हात मारणे होय. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो : एका वेळी व्यवस्थेत अडकलेल्या विनंत्यांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येक विनंतीला लागणारा वेळ. दर सेकंदाला २० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागत असेल तर सरासरी ४ वर्कर गुंततात, आणि २० वर्कर असलेली व्यवस्था निवांत दिसते. आता डेटाबेस किंवा बाहेरची एखादी सेवा मंदावून प्रत्येक विनंतीला ३ सेकंद लागू लागले तर त्याच गर्दीला ६० वर्कर हवेत. २० वर्कर सेकंदाला जेमतेम ७ विनंत्या निकालात काढतात आणि उरलेल्या सुमारे १३ दर सेकंदाला रांगेत साचतात.

त्रुटी ‘अधूनमधून’ का येते, याचे उत्तर या साचण्यातच आहे. मंदी १० सेकंदच टिकली तर रांगेत सुमारे १३० विनंत्या जमतात, आणि वेग पूर्ववत झाल्यावर तेच २० वर्कर सेकंदाला १०० विनंत्या निपटू शकत असल्याने ती रांग दोन सेकंदांच्या आत संपते. वापरकर्त्यांना थोडा विलंब जाणवतो, त्रुटी एकही येत नाही. मंदी ४० सेकंद टिकली आणि रांगेची मर्यादा ५११ असली तर मात्र ती भरते, युनिक्स सॉकेट असेल तर त्यापुढच्या विनंत्यांना क्षणार्धात ५०२ मिळते, आणि मंदी आणखी लांबल्यास रांगेच्या मागच्या टोकाला उभ्या असलेल्यांची ६० सेकंदांची मुदत संपून त्यांना ५०४ मिळते. एकाच कारणातून दोन्ही संकेतांक निघतात, आणि ५०२ व ५०४ यांना दोन स्वतंत्र आजार मानून तपास करणारे येथेच चकतात. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी किंवा प्रवेश-अर्जाच्या शेवटच्या तारखेला गुणाकारातील दुसरा नव्हे, पहिला आकडा एकदम वाढतो, परिणाम तोच. अशा दिवशी पानासमोर थांबलेला विद्यार्थी घाबरून पुन्हा पुन्हा पान मागवतो आणि तो आकडा आणखी फुगतो. त्याचा त्यात काडीमात्र दोष नाही. ही गर्दी आधीच ठाऊक असते आणि तिचा हिशेब व्यवस्थापकाने आधीच करायचा असतो.

पीएचपी-एफपीएममध्ये ही टंचाई ओळखणे कठीण नाही. त्याच्या वितरित संरचना-फाइलमध्ये वर्करांची कमाल संख्या मुळात फक्त ५ असते, आणि ती गाठली गेल्यावर एफपीएमच्या लॉगमध्ये तशी सूचना उमटते. त्याचे स्थिती-पान सुरू केल्यास सध्याची रांग, आजवरची सर्वांत लांब रांग आणि मर्यादा किती वेळा गाठली गेली हे आकडे मिळतात. लिनक्सच्या ‘एसएस’ आज्ञेने ऐकणाऱ्या टीसीपी सॉकेटांची यादी मागवली तर ‘रिसीव्ह’चा रकाना त्या क्षणी रांगेत असलेल्या जोडण्या आणि ‘सेंड’चा रकाना रांगेची कमाल लांबी दाखवतो, चालू जोडण्यांच्या यादीत मात्र याच रकान्यांचा अर्थ वेगळा असतो. रांगेची ही कमाल लांबी अ‍ॅप्लिकेशनने कितीही मागितली तरी कर्नलच्या ‘सोमॅक्सकॉन’ या मर्यादेपलीकडे जात नाही. ती मर्यादा ५.४ या आवृत्तीपूर्वी १२८ होती आणि त्या आवृत्तीपासून ४०९६ आहे.

वर्कर वाढवताना मेमरीचा हिशेब आधी करावा. एका वर्करला साधारण ६० एमबी लागत असतील आणि त्यांच्यासाठी २ जीबी मोकळी असेल तर ३०-३२च्या पुढे जाऊ नये, कारण मेमरी संपल्यावर कर्नल स्वतःच एखादी मोठी प्रक्रिया निवडून मारतो आणि टंचाईच्या त्रुटींच्या जागी मृत्यूच्या त्रुटी येऊ लागतात. डेटाबेसचीही मर्यादा असते. मायएसक्यूएलमध्ये मुळात १५१ आणि पोस्टग्रेसमध्ये १०० जोडण्यांना परवानगी असते; प्रत्येकी २० जोडण्या धरणारे ८ अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर उभे केले की मागणी १६० होते आणि मायएसक्यूएलची मर्यादा ओलांडली जाते.

वर्करांची खरी गरज कमी करायची असेल तर दुसऱ्या आकड्याला, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या वेळेला, हात घालावा लागतो. एफपीएमचा स्लो-लॉग ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त काळ चाललेल्या विनंतीचा त्या क्षणीचा संपूर्ण कॉल-क्रम लिहून ठेवतो, आणि तो पाहिल्यावर बहुतेक वेळा एकच फंक्शन पुन्हा पुन्हा दिसते : इंडेक्स नसलेल्या तक्त्यावरील क्वेरी, किंवा मुदत न ठेवता केलेला बाहेरच्या सेवेचा कॉल. येथे एक सापळा आहे. पीएचपीची कमाल अंमलबजावणीची ३० सेकंदांची मर्यादा आपले रक्षण करील असा समज रूढ आहे, परंतु लिनक्सवर डेटाबेसची किंवा नेटवर्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्या मर्यादेत मोजलाच जात नाही. एसएमएस किंवा पेमेंटच्या सेवेकडून उत्तर येत नसेल तर वर्कर कित्येक मिनिटे तसाच अडकून राहू शकतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉलला जोडणीची आणि उत्तराची अशा दोन स्वतंत्र, तोकड्या मुदती असल्याच पाहिजेत. हा नियम पाळला तर टंचाईच्या त्रुटींचा मोठा भाग उद्भवतच नाही.

दुसरे महत्त्वाचे कारण याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. सर्व्हरवर काहीच ताण नसताना, किंबहुना रात्री रहदारी विरळ झाल्यावर, काही मिलिसेकंदांत येणारी तुरळक ५०२ ही जवळजवळ नेहमी जिवंत ठेवलेल्या जोडण्यांची असते. दर विनंतीला नवी जोडणी करण्याचा खर्च वाचवण्यासाठी गेटवे आणि मागचा सर्व्हर जुनी जोडणी काही काळ उघडी ठेवतात, यालाच कीप-अलाइव्ह म्हणतात. ती किती काळ रिकामी ठेवायची याची मुदत दोन्ही बाजूंना वेगळी असते. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरची ही मुदत मुळात ६० सेकंद आहे, एन्जिनएक्सची मागच्या बाजूची मुदतही ६० सेकंद आहे. नोडच्या आठव्या आवृत्तीपासून पुष्कळ आवृत्त्यांत ती केवळ ५ सेकंद राहिली, अपाचेमध्येही ती ५ सेकंद असते, आणि गनिकॉर्नच्या थ्रेड वापरणाऱ्या वर्करांमध्ये तर २ सेकंद. मागच्या सर्व्हरने पाचव्या सेकंदाला जोडणी बंद केल्याचा संदेश पाठवला, आणि तो पोहोचण्याआधीच गेटवेने त्याच जोडणीवरून नवी विनंती रवाना केली, की ती विनंती बंद दारावर आदळते. मागच्या अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये तिची नोंदसुद्धा होत नाही, कारण ती अ‍ॅप्लिकेशनपर्यंत गेलेलीच नसते. विकसक ‘आमच्याकडे विनंती आलीच नाही’ म्हणतात आणि व्यवस्थापक ‘आम्ही पाठवली’ म्हणतात तेव्हा दोघांचेही म्हणणे खरे असते. संशय पक्का करण्यासाठी दोन्ही सर्व्हरांमधील पॅकेटे टीसीपीडंपने टिपावीत. बंदचा संदेश आणि नवी विनंती एकमेकांना ओलांडून गेलेली तेथे स्पष्ट दिसतात.

उपाय एका वाक्यात सांगता येतो : मागच्या सर्व्हरची रिकाम्या जोडणीची मुदत पुढच्या गेटवेच्या मुदतीपेक्षा नेहमी जास्त असावी, म्हणजे जोडणी बंद करण्याचा निर्णय नेहमी विनंती पाठवणाराच घेईल. अ‍ॅमेझॉनच्या ६० सेकंदांच्या मागे नोड असेल तर ६५ किंवा त्याहून अधिक सेकंद ठेवावेत. गूगलच्या लोड बॅलन्सरची मागच्या बाजूची मुदत ६०० सेकंदांची असल्याने त्याच्या मागील एन्जिनएक्सला ६२० सेकंद देण्याची शिफारस केली जाते. थर तीन असतील तर हा क्रम प्रत्येक जोडीला लावावा. पहिल्या जोडीत तो पाळून दुसरीत विसरणे ही सर्रास घडणारी चूक आहे.

या प्रकारात ‘पोस्ट’ विनंत्या अधिक फसलेल्या दिसतात, आणि तेही ओळखीचे एक लक्षण आहे. ‘गेट’ विनंती पुन्हा पाठवल्याने काही बिघडत नसल्यामुळे एन्जिनएक्स ती गुपचूप दुसऱ्या जोडणीवरून पाठवू शकते, परंतु एकदा पाठवलेली ‘पोस्ट’ विनंती १.९.१३ या आवृत्तीपासून ते आपणहून पुन्हा पाठवत नाही, कारण तिच्यातून पैसे कापले गेले असतील किंवा अर्ज दाखल झाला असेल. हे बंधन उठवण्याची सोय संरचनेत आहे. ५०२ कमी दिसावेत म्हणून ती वापरणे मात्र गैर आहे. शुल्क भरताना त्रुटी दिसलेल्या माणसाला पैसे गेले की नाही हे कळत नाही, आणि दुसऱ्यांदा कापले गेलेले पैसे परत मिळवण्याचा मनस्ताप त्यालाच होतो. प्रत्येक व्यवहाराला फॉर्म उघडतानाच एक अनन्य क्रमांक देऊन तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने नवा व्यवहार न करता जुन्याचाच निकाल सांगावा, ही रचना आधी करावी. ती नसेल तर पुनःप्रेषणाला हात लावू नये.

काम चालू असताना प्रक्रिया मेल्यामुळे येणाऱ्या त्रुटींचा शोध कर्नलच्या लॉगपासून सुरू करावा. मेमरी संपल्यामुळे मारलेल्या प्रक्रियेचे नाव, क्रमांक आणि वेळ तेथे लिहिलेली असते, आणि एफपीएमच्या लॉगमध्ये वर्कर ११ क्रमांकाच्या सिग्नलने गेला असे दिसले तर एखादे सदोष एक्स्टेंशन हे कारण असू शकते. नवी आवृत्ती बसवतानाच त्रुटी येत असतील आणि व्यवस्था कुबरनेटीसवर असेल, तर जुन्या पॉडला थांबण्याचा सिग्नल देणे आणि त्याचा पत्ता सर्वत्र काढून टाकणे या दोन क्रिया समांतर चालतात हे ध्यानात घ्यावे. सिग्नल मिळताच पॉड बंद झाला तर पत्ता अजून न काढलेले गेटवे त्याच्याकडे विनंत्या पाठवतच राहतात. थांबण्यापूर्वी काही सेकंदांचा विराम आणि हातातल्या विनंत्या पुऱ्या करण्याची सोय ठेवल्यास हा प्रकार मिटतो. मुळातल्या ३० सेकंदांच्या सवलतीत हा विरामही मोजला जातो, एवढे विसरू नये.

पत्त्यांच्या घोळाचे दोन प्रकार नोंदण्यासारखे आहेत. संरचनेत मागच्या सर्व्हरचे नाव नेहमीच्या पद्धतीने लिहिले असेल तर एन्जिनएक्स त्या नावाचा आयपी पत्ता सुरू होतानाच शोधते आणि पुढे तोच धरून ठेवते. क्लाउडमधील सेवांचे पत्ते बदलत असल्यामुळे काही दिवसांनी त्यांपैकी एखादा पत्ता मृत होतो आणि विनंत्यांचा ठरावीक हिस्सा फसू लागतो. एन्जिनएक्स रीलोड केले की सारे सुरळीत होते, आणि ‘रीलोडने बरे होते’ हेच या दोषाचे लक्षण आहे. दुसरा प्रकार ‘लोकलहोस्ट’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या नावाचा. त्या नावाला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन पत्ते असतील तर एन्जिनएक्स त्यांना दोन स्वतंत्र सर्व्हर समजून आलटून पालटून वापरते. अ‍ॅप्लिकेशन केवळ आयपीव्ही४वर ऐकत असेल तर दुसरा पत्ता दर १० सेकंदांनी तपासला जाऊन पुन्हा बाद होतो, आणि त्याच काळात खऱ्या पत्त्यावरची एखादी विनंती फसली की तोही १० सेकंद बाद ठरून ‘नो लाइव्ह अपस्ट्रीम्स’ असे वाक्य लॉगमध्ये येते. नावाऐवजी १२७.०.०.१ असे स्पष्ट लिहिणे एवढाच त्यावर उपाय आहे.

विशिष्ट वापरकर्त्यांनाच त्रुटी येत असेल आणि लॉगमध्ये हेडर फार मोठे असल्याची तक्रार असेल, तर उत्तरातील कुकींचा आकार एन्जिनएक्सच्या ४ किंवा ८ केबींच्या बफरमध्ये मावत नाही असे समजावे; बफर वाढवावे, आणि शक्य तर कुकी लहान कराव्यात. ९९ क्रमांकाची त्रुटी स्थानिक पोर्ट संपल्याची असते. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट वापरतो आणि गेटवेने स्वतः बंद केलेल्या जोडणीचा पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो, त्यामुळे एकाच मागच्या पत्त्याकडे सेकंदाला सुमारे ४७० नव्या जोडण्यांपलीकडे जाता येत नाही. कीप-अलाइव्ह सुरू करणे हा यावरचा उपाय. वर सांगितलेला मुदतींचा क्रम सांभाळूनच तो करावा.

बदल केल्यावर तो लागू पडला की नाही हे ठरवणे अधूनमधून येणाऱ्या त्रुटींच्या बाबतीत विशेष अवघड असते, कारण त्रुटी न दिसणे हा तिचा नेहमीचाच स्वभाव आहे. येथे संख्याशास्त्रातील एक सोपा आडाखा कामी येतो : दर हजार विनंत्यांमागे एक त्रुटी येत असेल तर सुमारे तीन हजार विनंत्या निर्दोष गेल्यावरच दोष गेला असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते, आणि दर लाखामागे एक येत असेल तर तीन लाख विनंत्यांची वाट पाहावी लागते. हा हिशेब त्रुटी विखुरलेल्या असतात असे धरून केलेला आहे. त्या झुंडीने येत असतील तर नुसती संख्या पुरत नाही. ज्या वारी, ज्या वेळी आणि जेवढ्या गर्दीत त्या येत होत्या ती परिस्थिती किमान तीनदा निर्विघ्न पार पडलेली असावी. तोवर दुसरा कोणताही बदल करू नये, लॉगचा वाढवलेला साचा काढू नये, आणि लपलेल्या पुनःप्रयत्नांच्या नोंदी शून्यावर आल्या आहेत का हे रोज पाहावे, कारण वापरकर्त्याला दिसणारी त्रुटी थांबूनही त्या नोंदी चालू असतील तर मूळ दोष अजून जागेवरच आहे.